पाठ नसलेला बाक

मित्रांनो, बाक म्हटला की त्याला एक पुढची बाजू असते आणि एक मागची. पुढून बसायचे, मागे टेकायचे, इतका साधा मामला. मी मात्र असा एक जुना लाकडी बाक आहे, की ज्याची पुढची बाजू कोणती यावरून त्याच्या जन्माच्या आधीच भांडण झाले होते. आज मी एका चर्चच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी पडून आहे. मला पाय चार आहेत, हात दोन आहेत, पाठ नाही. येणारे-जाणारे मला मोडका समजतात. कुणी माझ्यावर ओली छत्री ठेवतो, कुणी चपलेतला खडा काढायला क्षणभर टेकतो आणि चालू लागतो. माझ्याशी बोलायला कुणी थांबत नाही, म्हणून आज मीच बोलतो.

हे चर्च मुळात एकाच मंडळीचे. मंडळी म्हणजे एका पद्धतीने उपासना करणारी माणसे. त्यांच्याकडे पश्चिमेच्या भिंतीला उंच व्यासपीठ होते. पाळकसाहेब त्यावर उभे राहून बायबलमधले वचन समजावून सांगत आणि सारे त्यांच्याकडे तोंड करून ऐकत. शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरी एक मंडळी होती. त्यांचे सारे लक्ष वेदीकडे. तिथे फादर प्रार्थना चालवत आणि लोक पूर्वेकडे तोंड करून त्यांना साथ देत. एका वादळात या दुसऱ्या मंडळीच्या चर्चचे छप्पर उडून गेले. तेव्हा पहिल्या मंडळीने मोठ्या मनाने सांगितले, "तुमचं छप्पर होईपर्यंत इथे या. सकाळी तुम्ही, नंतर आम्ही."

पाहुण्यांची वेदी मांडली गेली ती व्यासपीठाच्या बरोबर समोरच्या भिंतीशी. छप्पर काही झाले नाही आणि पाहुणे कायमचे राहिले. मुले एकांना वेदीवाले म्हणू लागली, दुसऱ्यांना व्यासपीठवाले. मीही तसेच म्हणतो, कारण त्यांची खरी नावे लांबलचक आहेत आणि ती उच्चारताना दोघेही उगाच ताठ होतात.

प्रश्न उरला बाकांचा. दर रविवारी दोन उपासनांच्या मध्ये जड बाक उचलून फिरवता फिरवता लोकांच्या कमरा धरल्या. वेदी हलवा म्हटले की वेदीवाले रुसत आणि व्यासपीठ हलवा म्हटले की व्यासपीठवाल्यांचा चेहरा पडे. शेवटी दोन्हीकडची जाणती माणसे एका सुताराकडे गेली. सुतार मोठा फटकळ. त्याने सगळे ऐकून घेतले, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघंही हलणार नाही. बरं. मग मी बाकाची पाठच हलती करतो."

पेन्सिल परत कानावर ठेवता ठेवता त्याने विचारले, "पण देव एकच ना तुमचा?"

"एकच, एकच!" दोन्हीकडचे एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

असा मी जन्मलो. माझ्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी दांडी होती. ती खाली खिळीवर फिरे आणि वर तिला पाठीची फळी जोडलेली होती. फळी ढकलली की इकडची पाठ तिकडे. खटाक! आता माणूस वेदीकडे तोंड करून बसेल. पुन्हा ढकलली की खटाक! आता व्यासपीठाकडे. माझ्यासारखी आणखी भावंडे तयार झाली आणि आम्ही ओळीने चर्चमध्ये उभे राहिलो. परगावचे पाहुणे आमच्या पाठी फिरवून पाहत आणि सुताराची वाहवा करत. राखणदार दर रविवारी सकाळची उपासना संपली की पाठी फिरवे आणि दुसरी संपली की पुन्हा वेदीकडे करून ठेवी. खटाक, खटाक, खटाक. आम्ही खुशीत होतो. पण हळूहळू माझ्या लक्षात आले की आमच्यामुळे सगळ्यांची सोय झाली आणि एकमेकांना भेटण्याची गरजच संपली. एक मंडळी मागच्या दाराने निघे तोवर दुसरी पुढच्या दाराशी उभी असे. माझ्यावर बसून दोघे त्याच देवाला हाक मारत, पण मी त्यांना एकत्र कधी पाहिलेच नाही.

नाही, दोन माणसांना पाहिले. त्यांचीच तर ही गोष्ट आहे.

तो शिंपी होता, वेदीवाला. ती दवाखान्यात नर्स होती, व्यासपीठवाली. त्यांचे जमले कसे ते मला ठाऊक नाही. ते काही माझ्यावर बसून झाले नाही. लग्न कोणत्या दिशेला तोंड करून लावायचे यावर दोन्हीकडचे अडून बसले, तेव्हा या दोघांनी सरळ कचेरीत जाऊन सह्या केल्या. त्या दुपारी ती दोघे रिकाम्या चर्चमध्ये आली आणि माझ्यावर बसली.

"मी काही तुझ्याकडे येणार नाही," शिंपी हळूच म्हणाला. "दादाला सहन नाही व्हायचं." दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, शाळेत मास्तर. आईवडिलांच्या मागे त्यानेच शिंप्याला वाढवले होते, आणि वेदीवाल्यांमध्ये त्याचा शब्द खाली पडत नसे.

"मग मी तरी का येऊ?" नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही तुमच्यात, मी माझ्यात. पण एक ठरवू या. घराच्या उंबऱ्याच्या आत मंडळीचा विषय काढायचा नाही. तुमच्या लोकांनी काही केलं तरी नाही, माझ्या लोकांनी काही केलं तरी नाही."

"कबूल," तो म्हणाला. मग नर्सबाई म्हणाल्या, "पण एकदा तरी तुमच्या शेजारी बसून प्रार्थना करायची आहे मला. एकदाच. इथेच."

 पुढच्या रविवारी त्याने कापडाच्या तुकड्यांची एक छोटी गादी शिवून आणली आणि खिडकीकडच्या माझ्या टोकाला नाडीने बांधली. सकाळी तो तिच्यावर बसे. पाठ फिरली की त्याच गादीवर ती येऊन बसे. गादी तेव्हा अजून कोमट असे. तिचा हात आधी तिथे जाई आणि मग ती बसे. हे फक्त मलाच ठाऊक होते. पुढे त्यांना मुलगी झाली. तान्ह्या लेकराला शिंपी सकाळी घेऊन येई, ती माझ्यावर झोपे, तिच्या अंगावरून पाठ फिरे आणि ती आईच्या उपासनेतही झोपलेलीच राही. दोन्ही मंडळ्या मिळून सगळ्यात जास्त हजेरी तिची, आणि ऐकलेले एक अक्षर नाही!

अशीच वर्षे गेली. मग एक पाळकसाहेब आणि एक फादर असे आले, की ज्यांची आपसात गट्टी जमली. त्यांनी ठरवले की वर्षातून एकदा तरी दोन्ही मंडळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. गीते ठरली. वाचन कोण करणार ते ठरले. चहा कुणी करायचा यावर थोडी कुरबुर झाली, पण तेही ठरले. बाकांच्या पाठी कुठल्या बाजूला, हे मात्र कुणी विचारले नाही. विषय नाजूक, म्हणून सगळे मूग गिळून बसले.

नर्सबाई त्या आठवड्यात अगदी लग्नघरातल्यासारख्या लगबगीत होत्या. दोनदा येऊन त्यांनी माझी धूळ पुसली. गादी धुऊन वाळवून परत बांधली.

आता नीट ऐका मित्रांनो, कारण पुढे काय झाले ते पूर्णपणे पाहणारे आम्ही बाकच होतो. प्रार्थनेच्या आदल्या संध्याकाळी दादा आपल्या दोन-तीन माणसांना घेऊन आला. पाठी नेहमीप्रमाणे वेदीकडच्या उपासनेसाठी लावलेल्या होत्या. दादा म्हणाला, "त्यांनी इतकी वर्षं आपल्याला आसरा दिला. उद्याचा मान त्यांचा. सगळे व्यासपीठाकडे करा. आणि बोलू नका कुणाला, बोलून दाखवलं की त्याची किंमत जाते." त्यांनी आमच्या पाठी फिरवल्या आणि ते समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यासपीठवाल्यांची गाणारी मंडळी आली. त्यांत नर्सबाई होत्या. त्यांनी पाहिले तर बाक व्यासपीठाकडे! राखणदार त्या आठवड्यात तापाने घरी पडला होता. त्यांना वाटले, मागच्या रविवारपासून पाठी तशाच राहिल्या. "अगं बाई, बरं झालं आपण लवकर आलो," नर्सबाई म्हणाल्या. "पाहुण्यांना आपल्याकडे तोंड करून बसवायचं का? वेदीकडे करा सगळे. न सांगता करू, बघून खूश होतील." त्यांनी पाठी पुन्हा फिरवल्या. मग त्या शिंप्याला आणायला घरी गेल्या.

मला ओरडून सांगायचे होते की थांबा, ते आधीच तुमच्याकडे वळले होते! पण बाकाला कुठला आवाज? एक खटाक, तोही दुसऱ्याने ढकलल्यावर.

दादा आला आणि दारातच थबकला. आपण मनापासून दिलेला मान या लोकांनी रातोरात उलटवून टाकला, असेच त्याला वाटले. त्याचे तोंड लाल झाले. तो आमच्या पाठी व्यासपीठाकडे आपटू लागला. "आम्ही दिलेलं नको ना यांना? बघतोच मी!" तेवढ्यात व्यासपीठवाले आत आले. आपण प्रेमाने वेदीकडे केलेले बाक हा माणूस आपटून फिरवतो आहे, हे त्यांना दिसले. त्यांच्यातल्या एकाने येऊन माझी पाठ धरली. "आम्ही केलेलं तुम्हाला चालत नाही का हो?" त्याने ती वेदीकडे खेचली. दादाने व्यासपीठाकडे खेचली. असे भांडण जगात क्वचितच झाले असेल. दोघेही दात-ओठ खाऊन ओढत होते, आणि ओढत होते ते एकमेकांना मान देण्यासाठी! पण तोंडाने कुणी ते बोलेना.

माझी लोखंडी दांडी मोडली. पाठ धाडकन जमिनीवर पडली.

नेमकी तेव्हाच शिंपी आणि नर्सबाई दारात आली. ठेवणीतले कपडे घालून, बरोबरीने चालत, लग्नानंतर पहिल्यांदाच एका दाराने. दादा आपल्या भावाला एवढेच म्हणाला, "चल." शिंप्याने बायकोकडे पाहिले, भावाकडे पाहिले. खाली मान घातली आणि तो भावाच्या मागे गेला. आतल्या खोलीतून फादर आणि पाळकसाहेब धावत आले, पण तोवर चर्च रिकामे झाले होते. नर्सबाई तेवढ्या माझ्यावर येऊन बसल्या. शेजारची जागा त्यांनी पदराने पुसलेली होती. त्या तिच्याकडे न बघता खूप वेळ बसून राहिल्या. टेकायला मागे काही नव्हते.

पुढे फादरांची बदली झाली, पाळकसाहेबांचीही झाली. मिळून प्रार्थनेचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. आणि त्या नवरा-बायकोचे काय? एकमेकांना विचारले असते तर एका संध्याकाळी सगळा उलगडा झाला असता. शिंप्याला दादाने सांगितलेली एक बाजू ठाऊक होती, नर्सबाईंना दुसरी. पण उंबऱ्याच्या आत मंडळीचा विषय काढायचा नाही, हे ठरलेले होते. त्यांनी शब्द पाळला. इतका पाळला की त्यानेच घात केला.

मला उचलून व्हरांड्यात टाकले. माझी भावंडे आतच राहिली. त्यांचे खटाक मला भिंतीपलीकडून ऐकू येई. मी माझ्या जागी खटाक म्हणायला जाई आणि मग आठवे की आपल्याला पाठ नाही. ऊन आले, पाऊस आला, कोळ्यांनी माझ्या पायांत जाळी विणली. खरे सांगतो, कोळ्यांचासुद्धा आधार वाटे. गादी तेवढी माझ्या टोकाला बांधलेली राहिली. ती सोडायचे कुणाला सुचले नाही.

मग शिंप्याचे गुडघे गेले. सकाळची उपासना झाली की त्याला लगेच घरापर्यंत चालवेना. एका रविवारी तो व्हरांड्यात माझ्यावर टेकला. नर्सबाई त्यांच्या उपासनेला जरा लवकर आल्या होत्या. त्या त्याच्या शेजारी बसल्या. तो अंगणाकडे तोंड करून, त्या दाराकडे तोंड करून. मला पाठ नव्हती म्हणून दोन्ही जमले. खांद्याला खांदा लागला आणि मान जरा वळवली की समोरासमोर चेहरा. तेव्हापासून तो रिवाजच पडला. दोन उपासनांच्या मधल्या वेळात ती दोघे येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मिळून म्हणत. प्रार्थना एकच, पण तिच्या मंडळीत शेवटी एक ओळ जास्त म्हणतात. त्याची आधी संपे. मग तो डोळे मिटून तिची ओळ होईपर्यंत थांबे, आणि आमेन दोघे एकदम म्हणत.

एकदा तो म्हणाला, "अगं, एक विचारू? घरात विचारता येत नाही. इथे काही उंबरा नाही."

"विचारा की."

"त्या दिवशी दादाने बाक तुमच्या बाजूला करून ठेवले होते. तुम्ही लोकांनी ते का फिरवलेत?"

नर्सबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "दादांनी? अहो, आम्हाला वाटलं राखणदार नाही म्हणून ते तसेच राहिलेत! आम्ही तुमच्यासाठी फिरवले. मी स्वतः फिरवले."

"तू?"

"हो, मी! तुम्हाला बरं वाटावं म्हणून!"

 शिंप्याच्या पोटातून हसू फुटले. नर्सबाईंनाही आवरेना. दोन म्हातारी माणसे चर्चच्या व्हरांड्यात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती आणि आत जाणारे लोक वळून बघत होते. हसता हसता नर्सबाईंचे हसू कधी थांबले आणि रडू कधी सुरू झाले ते फक्त मला कळले. "किती वर्षं गेली हो," त्या म्हणाल्या. त्याने खिशातला रुमाल काढून दिला.

त्याच दिवशी त्याने घरी जाताना दादाला गाठून सगळे सांगितले, असे नर्सबाई नंतर लेकीशी बोलताना मी ऐकले. दादाने ऐकून घेतले. ना हो म्हणाला, ना नाही. काठी उचलली आणि निघून गेला. शिंपी उत्तराची वाट बघत राहिला. थंडीत तो आजारी पडला आणि त्यातून उठला नाही.

नंतर नर्सबाई एकट्या येत. तशाच लवकर येत आणि दाराकडे तोंड करून बसत. शेजारी गादी रिकामी. प्रार्थना म्हणत, शेवटच्या ओळीपाशी क्षणभर अडत, मग ती एकटीनेच पुरी करत. मित्रांनो, माझ्या लाकडाला तेव्हा जितके ओझे वाटले तितके आठ माणसे बसल्यावरही कधी वाटले नाही.

आणखी काही काळाने नव्या पाळकसाहेबांनी आणि नव्या फादरांनी पुन्हा मिळून प्रार्थनेचे काढले. पुन्हा तोच प्रश्न, बाक कुठल्या बाजूला? माणसे पुन्हा मूग गिळू लागली. तेव्हा काठी टेकत दादा व्हरांड्यात आला. शिंप्याची लेक, आता मोठी बाई, आईला घेऊन उभी होती. दादाने काठीने मला हलकेच ठोकले. "हा आत घ्या. मधोमध ठेवा. इतर बाकांच्या पाठी ज्याला जशा हव्यात तशा करू द्या. पण विचारून करा रे बाबांनो, शेजारच्याला विचारून करा!"

लेकीने एक टोक धरले, मंडळीतल्या दोघांनी दुसरे. इतक्या वर्षांनी मी आत गेलो. भावंडांना पाहून मला भरून आले. कुणी इकडे तोंड केले, कुणी तिकडे. कुणाकुणाचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्याला लागले आणि लोक ओशाळून हसले. नर्सबाई माझ्यावर त्यांच्या नेहमीच्या बाजूला तोंड करून बसल्या. दादा थोडा वेळ उभाच राहिला.

"त्याने मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी उत्तर दिलं नाही. तो गेला तरी दिलं नाही."

नर्सबाईंनी शेजारची गादी झटकली. "दादा, बसा. पाय दुखतील."

दादा धाकट्या भावाच्या जागी बसला, दुसऱ्या बाजूला तोंड करून. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना सुरू केली. दादाला आमेन सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायची सवय होती. त्याची प्रार्थना संपली. त्याने तोंड उघडले आणि मिटले. तो थांबला. नर्सबाईंची ती एक ओळ हळूहळू पुरी झाली, तेव्हा कुठे तो त्यांच्याबरोबर आमेन म्हणाला.

सारे काही सुधारले असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, दोन्ही मंडळ्या अजून वेगवेगळ्याच बसतात. मिळून प्रार्थना वर्षातून एकदाच होते. तेवढ्यापुरते मला आत नेतात आणि मग पुन्हा पाण्याच्या टाकीशेजारी आणून ठेवतात. दादा आता नाही. नर्सबाईही नाहीत. रविवारी दोन उपासनांच्या मधल्या वेळात मी वाट बघतो. एखादा लहान मुलगा बसतो, पाय हलवतो आणि आईने हाक मारली की पळतो.

परवा त्या सुताराचा नातू आला होता. माझी मापे घेऊन गेला. म्हणाला, "जुनं काम आहे, दोन दांड्या आणि एक फळी बसवली की पहिल्यासारखा होईल." त्याचा हेतू चांगला आहे, त्याच्या आजोबांचाही चांगलाच होता. म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनवतो, त्याला माझा निरोप सांगा. माझे खिळे घट्ट करा, मला वाळवी लागू देऊ नका, जमल्यास एकदा तेलपाणी करा. जुन्या वस्तूंची एवढी काळजी घ्यायलाच हवी. पण मला पाठ लावू नका. आणि खिडकीकडच्या टोकाची गादी सोडू नका. ती दोघांची आहे.